छापायचं राहून गेलेलं

१२ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहावं की नाही, यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी नुसताच नमस्कार ठेवला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या मजकुरातले जास्तीचे शब्द काढले. सवय जात नाही.

काम एवढंच आहे. सोबत एक छापील कागद जोडला आहे. तुमच्या नावापुढे मी पेन्सिलीने खूण केली आहे, तिथे सही करा आणि उलटटपाली परत पाठवा. सोबत दुसरं काही लिहायची तसदी घेऊ नका.

पण उगाच संशय नको, म्हणून सांगतो. चिंगीने बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत जे भाषण केलं, ते लेख होऊन कुठल्याच जर्नलमध्ये आलं नाही. मध्यंतरी तिचा कॉम्प्युटर भाच्याकडून सुरू करून घेतला, तर त्यात तो लेख अर्धा लिहिलेला सापडला. एका वाक्याच्या मध्येच थांबलाय. तिच्या विभागप्रमुख बाईंना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, विषय चांगला आहे. उरलेलं मी तिच्या स्लाइडवरून पुरं करते." आणि त्यांनी केलं. आता जर्नलचा नियम असा की जितके लेखक तितक्या सह्या, एकही कमी चालत नाही. बाईंनी केली. चिंगीच्या जागी तिचा बाप म्हणून मी केली. दुसरे लेखक तुम्ही, तेवढे राहिलात.

त्या भाषणाला मी आलो होतो, आठवत असेल. आपण दोघं शेवटच्या रांगेत बसलो होतो. ती बोलायला उभी राहिली आणि तुमचा गुडघा जो हलायला लागला तो भाषण संपेपर्यंत थांबला नाही. न्यूमोनिया झालेल्या लहान मुलांना पाच दिवस इंजेक्शनं देत ठेवायची गरज नाही, तिसऱ्या दिवशी ताप उतरला असेल तर तोंडाने घ्यायचं औषध देऊन घरी सोडलं तरी ती बरी होतात, असं तिचं म्हणणं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा किती सोपं करून सांगितलं होतं. दहा मिनिटं झाली, लाल दिवा लागला, टाळ्या पडल्या आणि पुढच्याला बोलावलं. तेव्हा काढलेला तिचा फोटो अजून तिच्या आईच्या शिवणमशीनच्या वर लावलेला आहे.

तिला जाऊन तीन वर्षं होतील. तुमच्या दुसऱ्या लग्नाला दीड झालं. टोमणा मारत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

सहीची वाट बघतो.

चिंगीचे बाबा


९ मार्च

जावईबुवा,

हो, जावईबुवाच म्हणतोय. तुम्ही नातं सोडलं असलं तरी मी अजून पुसलेलं नाही.

महिना होत आला. सही नाही, पत्र नाही, फोन नाही. टपाल खात्यावर ढकलू नका, पोचपावती माझ्याकडे आली आहे.

मधल्या काळात मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसायला लागलो. तिथल्या ग्रंथपाल मुलीने मजेशीर माहिती दिली. तिने म्हणे एका वर्षाच्या परिषदेतली सगळी भाषणं घेतली आणि त्यांतली किती पुढे लेख होऊन छापली गेली याचा शोध घेतला. निम्मीसुद्धा नाहीत! म्हणजे तुम्ही मंडळी गळ्यात बिल्ले अडकवून जाता, पडद्यावर चित्रं दाखवता, जेवता, प्रशस्तिपत्र घेऊन घरी येता, आणि पुढे सगळं हवेत. मी तिला विचारलं, "का छापत नाहीत पण?" ती म्हणाली, "आम्ही विचारतो ना सगळ्यांना. बहुतेक जण सांगतात, वेळ मिळाला नाही." मग कोणाचा लेख जर्नलने परत केलेला असतो, कोणाचं सहलेखकाशी फाटलेलं असतं, कोणाचा निकाल मनासारखा आलेला नसतो.

मी विचारलं, "लेखिका वारली, असं कारण आहे का तुमच्याकडे?"

ती बिचारी गोरीमोरी झाली. म्हणाली, "ते आम्ही 'इतर' मध्ये टाकतो, काका."

तर तुमचं कारण कुठलं, एवढं कळवा. वेळ नाही? सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढा तुम्ही पेशंटच्या जिभेकडे बघत घालवता. सहलेखकाशी फाटलं? सहलेखिका तर राहिलीच नाही. की आपलं नाव दुसरं आहे म्हणून पोटात दुखतंय? की पहिल्या बायकोचं नाव छापून आलं तर आताच्या घरात चालणार नाही? हे शेवटचं वाक्य वाचून तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "असं लिहू नका हो, तो तसा नाही." मी ठेवलं.

माझ्या हाताखालून किती नावं गेली असतील! आमदारांची, कवींची, बी-बियाणांच्या दुकानदारांची. कोणाचं चुकू दिलं नाही. माझ्या मुलीचं नाव छापलेलं कुठे आहे सांगू? एक लग्नपत्रिकेत आणि एक निधनवार्तेत. दोन्ही मीच तपासली. आता एकदा तिच्या कामावर तिचं नाव आलेलं बघू द्या मला. मी काही तुमच्याकडे पोरगी परत मागत नाही.

चिंगीचे बाबा


३० मार्च

जावईबुवा,

आता तुमच्या सहीवाचून अडलं नाही! सोबतचं पान बघा.

बाईंचा एक विद्यार्थी दुसऱ्या शहरात लहान मुलांच्या रुग्णालयात लागला आहे. तिथे शिकाऊ डॉक्टरांना खिशात ठेवायला एक पुस्तिका देतात, कुठल्या आजाराला काय करायचं याची. त्यात न्यूमोनियाचं पान उघडलं तर लिहिलंय, तिसऱ्या दिवशी ताप नसेल तर घरी पाठवावं. आणि पानाच्या तळाला, बारीक अक्षरात, चिंगीचं नाव! परिषदेतलं भाषण, म्हणून. आडनाव बरोबर, आद्याक्षरं बरोबर, एक खोट नाही. मी भिंग लावून बघितलं.

त्याने पाठवलेल्या पानाच्या मी प्रती काढल्या. शेजारच्यांना दिली, दूधवाल्याला दाखवली, बँकेत त्या चष्मेवाल्या बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "काका, तुमची मुलगी गेली तरी मुलं वाचवतेय." घरी येऊन हे तिच्या आईला सांगितलं आणि आम्ही दोघं मनसोक्त रडलो.

बघा, तुम्ही अडवून धरलंत तरी तिचं काम पोचलं. आता तरी लाज वाटून सही कराल असं वाटतं.

बाबा


११ एप्रिल

डॉक्टर,

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा झाला. न कळवता, हातात नुसती प्रवासाची बॅग घेऊन दारात उभे राहिलात तेव्हा मला वाटलं सही घेऊन आलात. मी तुमच्या सासूबाईंना चहा टाकायलासुद्धा सांगितलं.

तुम्ही जे बोललात ते मला नीट कळलं का, हे बघायला इथे लिहून काढतो. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

चिंगीच्या अभ्यासात दोन रुग्णालयांतली मुलं होती, एक लहान आणि एक मोठं. लहान रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलेली काही मुलं पुन्हा आजारी पडली. त्यांच्या आयांचा लहान रुग्णालयावरचा विश्वास उडाला होता, त्यांनी पोरं उचलली आणि मोठ्या रुग्णालयात नेली. तिथे नवा केसपेपर निघाला, नवा नंबर पडला. आणि तुमच्या मोजणीत ती नवीन मुलं झाली. म्हणजे आधीच्या नंबरावर 'बरं होऊन गेलं, परत आलं नाही', आणि नंतरच्या नंबरावर वेगळंच पोर. पुन्हा आजारी पडलेली मुलं कुठे दिसलीच नाहीत. म्हणून निकाल इतका छान आला.

भाषणाच्या वेळी हे तुम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. लेख लिहायला बसल्यावर तिला एकाच तारखेला जन्मलेली, एकाच आईची दोन मुलं दिसली. जुळी असतील म्हणून तिने त्या बाईला फोन लावला. बाई हसायला लागली, "अहो मॅडम, मला एकच मुलगा आहे." मग तिने एकेक केसपेपर काढून पडताळला, तर तशी आणखी निघाली. तोवर तिची स्वतःची ट्रीटमेंट सुरू झाली होती. लेख अर्ध्या वाक्यात थांबला तो त्या दिवशी. मी समजत होतो, दुखणं वाढलं म्हणून थांबला.

आणि ती तुम्हाला म्हणाली, "बाबांना एवढ्यात सांगू नकोस. ते फोटो दाखवत फिरतायत. मी बरी झाले की सगळं नव्याने मोजीन."

बरोबर?

तुमच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ती परत आलेली मुलं, त्यांचं काय झालं?"

तुम्ही म्हणालात, "बरीचशी बरी झाली, आई."

"बरीचशी म्हणजे?"

तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "एक गेली. मुलगी होती."

मग कोणी चहा प्यायलं नाही.

तुमचं म्हणणं, भाषण छापलं गेलं नव्हतं तोवर तुम्हाला वाटत होतं की ते तिच्याबरोबरच संपलं, उकरून कशाला काढायचं. माझं पान बघितलं आणि तुम्ही रात्रीच्या गाडीची वाट न बघता निघालात. वाटेतून त्या रुग्णालयाला फोन केलात, तर ते म्हणाले, असं तोंडी सांगून पुस्तिका बदलता येत नाही, छापील काहीतरी दाखवा. वा रे वा! भाषण ऐकून छापलं तेव्हा तोंडी चाललं. म्हणून आता परिषदेच्या नियतकालिकाच्या पुरवणीत, जिथे तिच्या भाषणाचा गोषवारा आला होता (हेही मला त्या दिवशीच कळलं), तिथेच दुरुस्ती छापायला हवी. आणखी कोणी कोणी ते उचललंय, देव जाणे.

आणि तुम्ही वर म्हणालात, "बाबा, चूक माझी होती असं लिहितो. आकडेमोड माझ्याकडे होती. तिच्या नावाला काही लागणार नाही. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही."

तर माझं उत्तर ऐका. नाही. तुमचं नाव घालूनही नाही आणि तिचं घालूनही नाही. मी दोन महिने एकच मागतोय, तिचं नाव छापून यावं. तुम्ही मला ते असं देताय? 'चुकलं' या मथळ्याखाली? ज्यांना ज्यांना मी ते पान दिलं त्यांच्या घरी जाऊन परत मागू का? दुसरा काही मार्ग काढा. त्या रुग्णालयात स्वतः जा, पाया पडा. माझ्या मेलेल्या लेकीला खोटी पाडायला माझी परवानगी मागू नका.

हे पत्र टाकायला जातो.

बाबा


१९ एप्रिल

बाळ,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. ते फाडून टाक असं म्हणणार नाही, त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. आज अरे-तुरे करतोय, चालवून घे. जावयाला 'अहो' म्हणायची ताकद आज नाही.

तू गेल्यापासून चिंगीची आई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. त्या गेलेल्या मुलीबद्दल एवढंच एकदा म्हणाली, "तिचेही बाबा असतील." मग परवा मला म्हणाली, "तुम्ही एकदा लहान मुलांच्या वॉर्डात जाऊन या. इथे बसून तुम्हाला कळायचं नाही."

गेलो. बाईंनी बाहेरच्या बाकावर बसायची सोय केली. आत एक दोन वर्षांचं पोरगं पलंगाचा कठडा धरून उड्या मारत होतं. ताप उतरलेला, गाल भरलेले, माझा चष्मा दिसला की हात पुढे करायचं. त्याची आई सिस्टरशी वाद घालत होती, "खेळतोय की हो आता! सोडा ना आम्हाला. घरी दुसरी आहे माझी, शेजारणीकडे टाकून आलेय." सिस्टर ऐकेना. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. मलाही वाटलं, कशाला अडवतात बिचारीला, चांगलं तर दिसतंय पोर. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा तसं बोललोही.

त्या म्हणाल्या, "काका, परत येणारी मुलंसुद्धा जाताना अशीच दिसतात."

मी तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या गावात कुठल्यातरी वॉर्डात असंच एखादं पोर उड्या मारत असेल, त्याची आई वाद घालत असेल, आणि एखादा शिकाऊ डॉक्टर खिशातून पुस्तिका काढून म्हणत असेल, ठीक आहे, न्या घरी. आणि पानाच्या तळाशी माझ्या मुलीचं नाव. मीच त्याच्या प्रती काढून वाटल्या रे. ते मला सहन झालं नाही.

तेव्हा माझी हरकत नाही. छापा. जर्नलसाठीचा लेख मी बाईंकडून परत घेतला आहे, त्यांना सगळं सांगितलं.

फक्त तू लिहिणार होतास ते 'चूक माझी' काढून टाक. चूक तुम्ही दोघांनी मिळून केली, दोघांची म्हणूनच छापून येऊ दे. तू ती एकट्याच्या अंगावर घेतलीस तर ती त्यात कुठेच उरत नाही. ना चुकण्यात, ना शोधण्यात. आणि शोधली तिने. सलाइन लावलेल्या हाताने केसपेपर पडताळले तिने. मी सुचवतो ते असं:

'या परिषदेत सादर केलेल्या आमच्या अभ्यासात काही मुलं दोनदा मोजली गेली. घरी पाठवल्यावर पुन्हा आजारी पडून दुसऱ्या रुग्णालयात आलेली मुलं नवीन म्हणून धरली गेली. त्यामुळे तिसऱ्या दिवशी घरी पाठवणं सुरक्षित आहे हा निष्कर्ष टिकत नाही. त्यावर विसंबून कोणीही उपचार करू नयेत. ही चूक पहिल्या लेखिकेने स्वतः शोधून काढली. ती प्रसिद्ध करण्याआधी लेखिकेचा मृत्यू झाला.'

तुमच्या डॉक्टरी भाषेत काय हवं ते कर, पण शेवटची दोन वाक्यं हलवू नकोस.

बाबा


२ ऑगस्ट

बाळ,

तुझ्याकडेही दुरुस्ती छापलेला अंक आलाच असेल. माझा काल आला. पाकीट उघडायला धीर होईना, म्हणून आधी बाजारात जाऊन आलो.

संपादकांचा मधे मला फोन आला होता, ते तुला बोललो नव्हतो. म्हणाले, "काका, दुरुस्ती आम्ही छापतोय, पण चूक कोणी शोधली हे देण्याची आमच्याकडे पद्धत नाही." मी म्हटलं, "मग सगळाच मजकूर परत करा." चांगला आवाज चढवून म्हटलं. खरं सांगू, त्यांनी ते वाक्य गाळलं असतं तरी मी मुकाट बसलो असतो, त्या मुलांकडे बघून. पण हे त्यांना कुठे माहीत होतं? "बघतो" म्हणाले आणि ठेवून दिला.

त्या रुग्णालयाने पुस्तिकेचं पान बदललं, हे बाईंच्या विद्यार्थ्याने कळवलं. नवं पानही पाठवलं. पाच दिवस, असं ठळक छापलंय, आणि तळाला तिचं नाव नाही. मी उलटून पालटून बघितलं, माहीत असूनही. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला जाऊन सांगितलं. बँकेत गेलो तेव्हा त्या बाईंनी जुनं पान काचेखाली लावून ठेवलेलं होतं. "काढा ते, आता ते बरोबर नाही," म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यांनी काढलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं.

काल तिच्या आईने मला मोठ्याने वाचायला लावलं. तिचं नाव आलं तिथे मी अडलो, मग तिने माझ्या हातातून अंक घेतला आणि बोट ठेवत ठेवत तीच वाचत गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, "एवढंच छापलं तिचं. पण खरं छापलं." मग ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

तू इकडे ये. एकटा नको, तुझ्या बायकोला घेऊन ये. तिला मी काय हाक मारायची ते तिलाच विचारून ठरवू. तिच्याबद्दल मी जे लिहिलं ते तिने वाचलं असेल तर तिच्यासमोरच माफी मागतो.

आता एक शेवटचं. अंक नीट बघ. चूक पहिल्या लेखिकेने स्वतः शोधून काढली, हे वाक्य आहे. मी सांगितलं तसंच आहे. त्याच्या पुढचं वाक्य नाही. तिचा मृत्यू झाला, हे जागा पुरली नाही म्हणून गेलं असेल, नाहीतर कोणाच्या हातून सुटलं असेल. म्हणजे कुठल्यातरी गावातला एखादा डॉक्टर ते वाचेल आणि त्याला वाटेल, काय प्रामाणिक बाई आहे, स्वतःची चूक स्वतः सांगते. असेल कुठल्यातरी रुग्णालयात, सकाळचा राउंड घेत असेल.

मजकूर गळलेला दिसला की लगेच कळवायचं, जन्मभर हेच केलं. हे मी कळवणार नाही. तूही कळवू नकोस.

बाबा